कोळशाच्या स्मोकरवरचा ऑटोमॅटिक टेम्परेचर कंट्रोलर: अडचणी आणि उपाय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही प्रश्नोत्तरं कोळशाच्या स्मोकरला (मंद आचेवर, धुरात मांस शिजवायच्या भट्टीला) १२ व्होल्टचा छोटा पंखा जोडून तापमान राखणाऱ्या कंट्रोलरबद्दल आहेत. वेबर स्मोकी माउंटन, बिग ग्रीन एगसारखा सिरॅमिकचा कामाडो आणि पिंपाचा घरगुती स्मोकर, या तिन्हींना यातलं बहुतेक लागू पडतं. आकडे सेल्सिअसमध्ये आहेत. अमेरिकी पाककृतींमधलं २२५ फॅरेनहाइट म्हणजे १०७ सेल्सिअस आणि २५० म्हणजे १२१, हे आधी मनात पक्कं करा.

कंट्रोलर नेमकं करतो काय?

चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या माणसाचं काम करतो. मांसाच्या जाळीजवळचा प्रोब (तापमान मोजणारी, वायर जोडलेली पोलादी नळी) तापमान कळवतो, कंट्रोलर ते तुम्ही ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहतो, आणि कमी असेल तर पंखा फिरवून निखाऱ्यांना वारा घालतो. फुंकणीने जाळ वाढवता येतो, विझवता येत नाही. कंट्रोलरचंही तसंच आहे. त्याच्या हातात फक्त हवा देणं किंवा न देणं एवढंच असतं, भट्टीतली उष्णता काढून घ्यायची सोय त्याच्यापाशी नाही. पुढचे बहुतेक प्रश्न या एका मर्यादेतून निघतात. म्हणून मशीन बिघडलं असं म्हणण्याआधी भट्टी तपासा. दोष बहुधा हवेच्या वाटांत, कोळशात किंवा प्रोबच्या जागेत सापडतो.

पंखा ० टक्के दाखवतोय, तरी तापमान चढतच चाललंय. असं का?

पंखा बंद असूनही आगीला कुठून तरी हवा मिळतेय. कारणं तीन, आणि अनेकदा तिन्ही एकत्र असतात.

पहिलं, सुरुवातीला पेटवलेला कोळसा जास्त झाला. पंख्याशिवाय स्मोकर चालवण्याची सवय असलेल्यांकडून हे हमखास होतं. चिमणीभर (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यातले सगळे) निखारे ओतले की मग कंट्रोलरला करण्यासारखं काही उरत नाही. १८ इंची वेबरमध्ये कोळशाच्या गोल कड्यात न पेटवलेला कोळसा भरा, मधोमध खळगा करा आणि त्यात फक्त ८ ते १२ पेटलेले ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या) ठेवा. न पेटवलेल्या ढिगात थोडे निखारे टाकून आग सावकाश पसरू देण्याच्या या रीतीला अमेरिकेत जिम मिनियन यांच्या नावावरून मिनियन मेथड म्हणतात. कामाडोत तर मधोमध एक फायरलायटर पुरतो. तो जळून संपला की झाकण लावा.

दुसरं, खालची व्हेंट (हवेचं, झडपेने उघडता-मिटता येणारं भोक) उघडी राहिली. वेबरला खाली तीन व्हेंट असतात. एकीत पंख्याचा अडॅप्टर (पंखा बसवायचा जोड) बसतो, उरलेल्या दोन पूर्ण बंद हव्यात. वरची व्हेंट सताड उघडी असेल तर धुराड्यासारखी ओढ तयार होते आणि थांबलेल्या पंख्याच्या पात्यांमधूनही हवा आत खेचली जाते. वेबरवर वरची व्हेंट एक तृतीयांश ते अर्धी उघडी ठेवा. कामाडोवर ३ ते ६ मिलिमीटरची फट बास. पंख्याच्या तोंडाशी सरकती झडप असेल तर कमी तापमानाच्या लांब स्वयंपाकासाठी ती अर्धी लावून टाका.

तिसरं, गळती. तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात सविस्तर.

आत्ता तापमान चढलेलंच असेल तर झाकण उघडून वाफ घालवायच्या भानगडीत पडू नका. झाकण उघडलं की आगीला एकदम भरपूर हवा मिळते आणि पाच मिनिटांत पूर्वीपेक्षा जास्त कोळसा पेटलेला असतो. पंख्याची झडप बंद करा, वरची व्हेंट जवळजवळ मिटवा आणि थांबा. पत्र्याचा स्मोकर अर्ध्या तासात खाली येऊ लागतो. कामाडोच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, तिथे तास-दीड तासही लागतो. म्हणून कामाडोत तापमान नेहमी खालून वर न्यायचं. आधी ९५ लावा, तिथे स्थिरावलं की मगच १०७ करा.

गळती कुठे आहे हे कसं शोधायचं?

घरातली उदबत्ती घ्या. स्मोकर पेटवून शंभरच्या आसपास येऊ द्या, पंखा बंद करा. वारा नसेल अशा वेळी पेटती उदबत्ती खालच्या भागाच्या प्रत्येक सांध्यापासून बोटभर अंतरावर हळूहळू फिरवा: तळाचं भांडं आणि मधला पिंप यांचा सांधा, बंद केलेल्या व्हेंटच्या कडा, कोळशाच्या दाराची चौकट, पंख्याच्या अडॅप्टरची बैठक. धुराची रेघ सरळ वर जात असेल तर जागा ठीक. रेघ वाकून फटीकडे ओढली गेली की तिथून हवा आत जातेय. आता पंखा १०० टक्के करा आणि झाकणाच्या कडेकडे पाहा. आतल्या दाबाने तिथून निळसर धूर बाहेर पडू लागला की वरच्या फटीही दिसतात.

खालच्या फटी आधी बुजवा, कारण आगीला हवा तिथूनच मिळते. झाकणाच्या कडेचा थोडा धूर चालून जातो. वेबरचं पत्र्याचं दार बहुतेक वेळा किंचित वाकडं असतं. ते काढून गुडघ्यावर ठेवा आणि पिंपाच्या गोलाईला जुळेल असं हाताने वाकवा. तरी फट राहिली तर नोमेक्स फेल्टची (उष्णता सोसणाऱ्या जाड कापडाची) पट्टी चिकटवा. पिंपाच्या स्मोकरला तळाशी, आगीच्या शेजारी, काचतंतूची स्टोव्हची दोरी लावावी; फेल्ट तिथे टिकत नाही. सिलिकॉन वापरणार असाल तर उच्च तापमानाचं आणि अन्नासाठी सुरक्षित असं लिहिलेलंच घ्या, आणि चोवीस तास सुकू द्या. तात्पुरतं काम अॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्यानेही भागतं.

पक्की खात्री हवी असेल तर स्वयंपाक संपल्यावर सगळ्या व्हेंट मिटवा, पंख्याचं भोक बुजवा आणि घड्याळ लावा. घट्ट बंद होणाऱ्या पत्र्याच्या स्मोकरचं तापमान सतत उतरत राहतं. तासाभरानंतरही काटा शंभरच्या आसपासच असेल तर गळती अजून शिल्लक आहे.

पंखा १०० टक्के चालतोय आणि तापमान वाढत नाही, उलट उतरतंय.

आधी वाकून पंख्याची सरकती झडप पाहा. मागच्या वेळी बंद करून ठेवलेली ती तशीच राहणं, ही नेहमीची गोष्ट आहे.

झडप उघडी असेल तर राखेकडे वळा. सहा-सात तासांनंतर, विशेषतः ब्रिकेट वापरत असाल तर, खालच्या जाळीची भोकं राखेने बुजतात आणि पंख्याची हवा कोळशापर्यंत पोचतच नाही. खालच्या दारातून वाकवलेली जाड तार घालून जाळी खालून खरवडा. कामाडोत लंपचे (साध्या लाकडी कोळशाचे) बारीक तुकडे भोकांत अडकतात, म्हणून भरताना मोठे तुकडे तळाशी, बारीक वर आणि पोत्याच्या तळाचा चुरा अजिबात नाही.

त्यानंतरचं कारण म्हणजे कोळसा संपणं. बारा तासांच्या स्वयंपाकाला १८ इंची वेबरचं कडं काठोकाठ भरावं लागतं, ५ ते ७ किलो कोळसा जातो. अर्ध्या कड्यावर रात्र निघत नाही. ओलसर कोळसा हेही कारण असतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये उघड्या पोत्यातला कोळसा हवेतली ओल शोषतो आणि आधी ती ओल उडवण्यात आग खर्च होते. कोळसा झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि एक धोका लक्षात ठेवा. पिट प्रोब, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारा प्रोब, जाळीवरून निसटून बाहेर लोंबकळत असेल तर कंट्रोलरला भट्टी थंडच वाटत राहते आणि तो जीव तोडून पंखा फिरवतो. आत मात्र दोनशेच्या पुढे गेलेलं असू शकतं. आकडा संशयास्पद वाटला की पहिल्यांदा प्रोबची क्लिप हाताने तपासा.

तापमान झोके खातं, कधी ९५, कधी १२५. स्थिर का राहत नाही?

तीन-पाच अंशांची ये-जा अगदी साहजिक आहे, मांसाला तिचा पत्ताही लागत नाही. पंधरा-वीस अंशांचे झोके मात्र दुरुस्त करायला हवेत. पंखा गरजेपेक्षा मोठा असेल तर असं होतं: एका फुंकरीत खूप कोळसा पेटतो, तापमान वर उडी मारतं, मग बराच वेळ खाली येण्याची वाट पाहावी लागते. घरगुती वेबर किंवा मध्यम कामाडोला मिनिटाला ५ ते १० घनफूट हवा देणारा पंखा पुरेसा आहे. मोठा असेल तर त्याची झडप अर्धी करा, किंवा सेटिंगमध्ये पंख्याची कमाल मर्यादा ३० ते ४० टक्क्यांवर आणा.

एवढ्याने भागलं नाही तरच पीआयडीच्या आकड्यांना (पंखा किती फिरवायचा ते ठरवणाऱ्या तीन सेटिंगना) हात लावा. 'पी' म्हणजे आत्ता किती कमी आहे त्यावर दिलेला जोर. 'आय' म्हणजे किती वेळ कमी राहिलंय त्याचा साठत जाणारा हिशेब. 'डी' म्हणजे बदल किती वेगाने होतोय ते पाहून लावलेला लगाम. झोके एकसारख्या अंतराने येत असतील तर 'पी' निम्मा करा आणि निदान एक तास पाहा. तापमान ठरलेल्या आकड्याच्या थोडं वर किंवा खालीच रेंगाळत असेल तर 'आय' किंचित वाढवा. एका वेळी एकच आकडा बदला. दोन एकदम बदलले तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

झाकण उघडून मांसावर पाणी शिंपडलं की नंतर तापमान फार वर जातं. उपाय?

झाकण उघडताच प्रोब थंड होतो, कंट्रोलरला वाटतं आग मेली, आणि तो पूर्ण जोराने पंखा लावतो. त्याच वेळी उघड्या झाकणातून आगीला आयती हवा मिळत असते. बऱ्याच कंट्रोलरमध्ये झाकण उघडल्याचं ओळखून पंखा काही मिनिटं थांबवण्याची सोय असते, ती चालू आहे का पाहा. नसेल तर उघडण्याआधी पंख्याचा प्लग काढा, काम दोन मिनिटांत उरका, झाकण लावून पाच मिनिटांनी प्लग परत जोडा.

झाकणावरचा काटा आणि कंट्रोलर यांत वीस अंशांचा फरक आहे. खरं कोण?

दोघंही खरे असू शकतात. काटा घुमटाखालची हवा मोजतो, प्रोब जाळीवरची. स्वयंपाक जाळीवर होतो, तेव्हा प्रोबचं ऐका. अट एवढीच की त्याची जागा बरोबर हवी: जाळीच्या उंचीवर, मांसापासून निदान ५ सेंटिमीटर दूर, भिंतीला न टेकलेला आणि पाण्याच्या थाळीच्या कडेने वर येणाऱ्या गरम झोताच्या बाहेर. फ्रीजमधून काढलेल्या चार किलोच्या पोर्क शोल्डरला (डुकराच्या खांद्याच्या मांसाला) प्रोब जवळजवळ चिकटला असेल तर तो मांसाभोवतालची थंड हवा मोजतो आणि सगळी भट्टी विनाकारण तापते.

प्रोब बरोबर दाखवतोय का, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

पेला कुटलेल्या बर्फाने गच्च भरा, फटी भरण्यापुरतं गार पाणी घाला, दोन मिनिटं थांबून प्रोबचं टोक मधोमध धरा. ० ते १ अंश यायला हवं. मग उकळतं पाणी. इथे उंचीचा हिशेब ठेवावा लागतो, दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. मुंबईत १००, पुण्यात ९८, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास, आणि कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला ९५. पुण्यातल्या घरात प्रोब ९८ दाखवत असेल तर तो अगदी नीट आहे, त्यात दोन अंशांची भर घालू नका.

दोन्ही कसोट्यांत फरक सारखाच असेल तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती भरता येते. बर्फात बरोबर आणि उकळत्या पाण्यात दहा अंश चूक असं असेल तर प्रोब गेला किंवा सेटिंगमध्ये त्याचा प्रकार चुकीचा निवडला आहे.

पाण्यात फक्त टोक बुडवा. पोलादी नळी आणि जाळीदार वायर जिथे जोडलेली असते त्या सांध्यात पाणी शिरलं की प्रोब खोटं बोलू लागतो. धुतानाही तेच. ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली धरू नका.

स्क्रीनवर नुसत्या रेघा किंवा अशक्य आकडे येतात.

थर्मिस्टर प्रोबमध्ये तापमान वाढलं की विद्युत रोध कमी होतो. वायर आतून तुटली तर रोध अमर्याद होतो आणि कंट्रोलर रेघा किंवा सर्वांत कमी आकडा दाखवतो. आत ओल शिरली तर रोध घटतो आणि आकडा उगाच मोठा दिसतो. मल्टिमीटर असेल तर जॅकच्या दोन भागांवर लावा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १०० किलोओहमच्या प्रोबने खोलीच्या तापमानाला १०० च्या आसपास आणि उकळत्या पाण्यात ६ ते ७ किलोओहम दाखवायला हवेत.

ओल शिरलेला प्रोब वाचू शकतो. ओव्हन १२० ते १५० अंशांवर ठेवून त्यात प्रोबची नळी आणि सांधा अर्धा तास ठेवा, प्लास्टिकचा जॅक मात्र दाराबाहेर राहू द्या. दुरुस्त झाला तर छान, नाही तर नवा घ्या. पुष्कळ वायरींच्या आतलं आवरण पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) असतं आणि त्याची मर्यादा २६० अंशांच्या आसपास, त्यामुळे वायर कधीही थेट निखाऱ्यांवरून नेऊ नका. मांस सुंदर झालं आणि शेवटी भाजणीसाठी जाळ मोठा केला, त्या दहा मिनिटांत प्रोब जातात.

के-टाइपचा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा प्रोब) लावलाय, आणि भट्टी तापली की आकडा उतरतो!

तारा उलट्या जोडल्या आहेत. अमेरिकी रंगसंकेतात के-टाइपची पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते. लाल म्हणजे धन या सवयीने भले भले इथे चुकतात. अदलाबदल करा, लगेच सरळ होईल.

पंखा थांबून थांबून फिरतो. बिघडलाय का?

नाही. १० टक्के म्हणजे मंद फिरणं असं नसतं. बरेच कंट्रोलर दहा सेकंदांतला एक सेकंद पंखा पूर्ण फिरवतात आणि नऊ सेकंद थांबवतात. अजिबातच फिरत नसेल तर पंखा सोडवून १२ व्होल्टच्या अडॅप्टरला थेट लावून पाहा. तिथे फिरला तर दोष वायरचा किंवा कंट्रोलरचा. तिथेही नाही फिरला तर पाती बोटाने हलवा, चिकट काळपट थराने अडकली असतील. कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो थर सुटतो.

पंखा सुरू झाला की कंट्रोलर बंद होऊन पुन्हा चालू होतो.

अडॅप्टर कमी पडतोय. पंखा सुरू होताना क्षणभर जास्त करंट घेतो आणि अर्ध्या अॅम्पिअरच्या अडॅप्टरचा व्होल्टेज कोसळतो. १२ व्होल्ट, २ अॅम्पिअरचा घ्या. पिनचा आकार आणि मधली बाजू धन आहे की ऋण, हे जुन्या अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळवून पाहा.

अमेरिकेतून आणलेला कंट्रोलर भारतात चालेल का?

कंट्रोलर स्वतः १२ व्होल्टवरच चालतो, प्रश्न फक्त अडॅप्टरचा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर पिनचा जोड लावून थेट वापरा. फक्त १२० व्होल्ट असेल तर २३० व्होल्टला लावताच जळेल, इथला १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. वीज जाण्याची भीती असेल तिथे वाय-फाय राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मध्ये जोडा, काही तास निघतात. आणि सेल्सिअस-फॅरेनहाइटची सेटिंग दोनदा तपासा. सेल्सिअसवर असलेल्या कंट्रोलरला २२५ लावलं तर तो इमानेइतबारे भट्टी २२५ सेल्सिअसला नेतो, आणि सकाळी उरतो तो कोळसाच.

मोबाइलवरचं अॅप मध्येच तुटतं. आग विझेल का?

बहुतेक कंट्रोलरमध्ये तापमान राखण्याचं काम यंत्राच्या आतच होतं, वाय-फाय गेलं तरी ते चालू राहतं. फक्त तुम्हाला आकडे दिसत नाहीत आणि अलार्म पोचत नाही. जोडणीच होत नसेल तर राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू करा, अनेक कंट्रोलरना ५ चा पट्टा दिसत नाही.

भट्टी १०७ वर स्थिर आहे, पण मांस चार तास ६८ वरच अडकलंय!

कंट्रोलर शाबूत आहे. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान मोठ्या तुकड्याच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि घाम जसा अंग गार करतो तसं ते मांस गार ठेवतं. घाई असेल तर फॉइलमध्ये किंवा बुचर पेपरमध्ये (मांस गुंडाळायच्या जाड कागदात) गुंडाळा. भट्टी वाढवत नेऊ नका. पोर्क शोल्डर ९३ ते ९६ ला तयार होतो.

धूर कडू लागतो, कधी मांसावर राखही बसते.

वरची व्हेंट फारच मिटली की शिळा धूर आत कोंडतो. पांढरा, दाट धूर दिसला तर ती थोडी उघडा. लाकडाचे तुकडे मुठीएवढे घ्या आणि पंख्याच्या तोंडासमोर ठेवू नका. भारतात आंबा आणि पेरू चांगले, दोन्ही नीट वाळलेले हवेत. राख उडत असेल तर पंख्याची झडप कमी करा आणि झोत थेट निखाऱ्यांवर न पडता पत्र्यावर आपटून पसरेल अशी आडोशाची पट्टी लावा.

रात्री आग विझली. मांस ठेवायचं की टाकायचं?

मांसात प्रोब असेल आणि आतलं तापमान ६० च्या खाली गेलंच नसेल तर आग पुन्हा पेटवून पुढे चालू करा. ६० च्या खाली किती वेळ होतं हे सांगता येत नसेल तर टाका, वासावरून ठरवू नका. म्हणून मांसाच्या प्रोबला ६० पार झाल्यावर खालच्या मर्यादेचाही अलार्म लावा. भट्टीला खाली ९० चा अलार्म ठेवलात तर मांस निवण्याच्या कितीतरी आधी जाग येईल.

पाऊस आहे, स्मोकर बंद बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये चालवू का?

नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, आणि पंखा मंद असताना अर्धवट जळणाऱ्या कोळशातून तो जास्तच निघतो. गॅरेजचं शटर उघडं ठेवलं तरीही नाही. मोकळ्यावर, भिंतीपासून लांब छत्रीचा आडोसा करा, पंखा वारा येतो त्याच्या उलट बाजूला येईल असा स्मोकर ठेवा, आणि कंट्रोलर पावसापासून झाका. पंख्याला प्लास्टिक गुंडाळू नका, त्याला हवा ओढायची असते.

स्वयंपाक संपल्यावर पंखा तसाच ठेवला तर?

वितळेल. चालू पंख्याला आत येणारी हवाच गार ठेवत असते. पंखा थांबला आणि वरची व्हेंट मिटली की गरम, चिकट धूर उलटा त्याच्यातून बाहेर पडतो. आधी पंखा काढा, त्याचं भोक बुचाने किंवा फॉइलने बंद करा, मग वरची व्हेंट मिटवा. उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. राख मात्र दोन दिवस कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.